काडी कुठून आणायची?

१९२२ साली हिंदुस्थान सरकारनं परदेशातून येणाऱ्या आगपेट्यांवरची जकात एका ग्रोसला दीड रुपया केली. आदल्या वर्षी ती बारा आणे होती, म्हणजे वर्षभरात दुप्पट झाली. ग्रोस म्हणजे १४४ पेट्या आणि दीड रुपयाचे २८८ पै. तेव्हा एका पेटीमागं बरोबर दोन पै कर बसला. आज हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण आगपेटी ही सुट्ट्या पैशांत विकली जाणारी वस्तू. तिथं दोन पै म्हणजे दुकानदाराचा नफा, गिऱ्हाइकाची सवय आणि परदेशी कारखानदाराचं गणित, सगळंच विस्कटणार होतं. सरकारला देशी उद्योग उभारायचा होता असंही नाही. महायुद्धानंतर तिजोरीत खडखडाट होता आणि घराघरात लागणाऱ्या वस्तूवर कर लावला की पैसा येतो, इतका सरळ तो हिशेब होता.

या दोन पैंमुळं अंबरनाथला एक कारखाना आला. एखादी कंपनी आपली योजना कागदावरून जमिनीवर कशी उतरवते हे समजून घ्यायला मला महाराष्ट्रात या कारखान्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं दिसत नाही. त्याची गोष्ट ऐंशी-नव्वद वर्षांची आहे. योजना कुठं फळली, कुठं अडली आणि कुठं भलत्याच माणसांच्या पदरात पडली, हे सगळं तिच्यात आहे.

सुरक्षित काडी ही स्वीडनची देणगी. गुस्ताफ एरिक पाश यांनी १८४४ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि यंकोपिंग गावच्या लुंडस्ट्रोम बंधूंनी ती जगभर पोचवली. पुढं १९१७ मध्ये ईवार क्रूगर यांनी स्वीडनमधले आगपेटीचे कारखाने एका छत्राखाली आणले आणि ‘स्वीडिश मॅच’ हा अवाढव्य उद्योग उभा केला. जगातली आगपेटी आपल्या हातात घ्यायची, ही क्रूगरची योजना. युरोपात ती अमलात आणायची त्यांची पद्धत ठरलेली होती. सरकारांना मोठी कर्जं द्यायची आणि बदल्यात त्या देशात आगपेटीची मक्तेदारी मिळवायची. पोलंड, फ्रान्स, जर्मनी यांच्याशी त्यांनी असे व्यवहार केले.

हिंदुस्थानात हा डाव चालण्यासारखा नव्हता. इथलं सरकार लंडनच्या ताब्यात होतं, त्याला स्वीडिश कर्जाची गरज नव्हती आणि आगपेटीची मक्तेदारी ते कुणाला विकणारही नव्हतं. उद्दिष्ट तेच ठेवून वाट बदलावी लागली. बाहेरून माल आणून जकात भरण्यापेक्षा इथंच माल करायचा, असं ठरलं. १९२३ मध्ये ‘वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी’ स्थापन झाली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचं ‘विम्को’ हे नाव पुढं लोकांच्या तोंडी बसलं. तिचा पहिला कारखाना अंबरनाथला उभा राहिला.

अंबरनाथच का, हे नकाशा पाहिला की कळतं. कल्याणहून कर्जतकडं जाणारी रेल्वे गावातून जाते. मुंबई बंदर हाकेच्या अंतरावर आहे, पण जमीन मुंबईच्या भावाची नाही. शेजारून वालधुनी वाहते, जवळच उल्हास नदी आहे. शिलाहारांच्या काळातल्या शिवमंदिराचं हे गाव तेव्हा शेती आणि गवताच्या कुरणांचं होतं. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीनंही आपल्या कारखान्यासाठी हाच परिसर निवडला. त्या काळात उल्हासनगर अजून जन्मालाच यायचं होतं.

इथवरची गोष्ट संचालक मंडळाच्या खोलीतली आहे. जागा ठरली, भांडवल आलं, यंत्रं आली. पुढचा प्रश्न मात्र त्या खोलीत सुटण्यासारखा नव्हता. काडीला लाकूड कुठून आणायचं?

हा प्रश्न किती नाजूक आहे हे समजायला काडी कशी होते ते पाहावं लागेल. आधी झाडाचा ओंडका ठरावीक लांबीचा कापतात आणि त्याची साल काढतात. मग तो यंत्रावर चढवून गोल गोल फिरवतात आणि धारदार पात्यानं त्याचा काडीच्या जाडीचा, जेमतेम दोनेक मिलिमीटरचा सलग पापुद्रा सोलतात. या पापुद्र्यांची चवड लावून तिच्या काड्या कातरतात. काड्या रसायनात भिजवतात, म्हणजे काडी विझल्यावर तिचा निखारा धुमसत राहत नाही. सुकवल्यावर त्यांचं टोक मेणात बुडवतात, कारण गुलाची ज्योत लाकडापर्यंत पोचवण्याचं काम मेण करतं. शेवटी पोटॅशियम क्लोरेट, गंधक आणि सरस यांच्या लगद्यात टोक बुडवलं की गूल तयार होतं. तांबडा फॉस्फरस गुलात नसतो, तो पेटीच्या घासायच्या बाजूवर असतो. काडी ‘सुरक्षित’ होते ती एवढ्याचसाठी.

आता या कामाला लाकूड कसं हवं? सरळ रेषांचं, कारण वाकड्या रेषांची काडी घासताना मोडते. गाठ नसलेलं, कारण गाठ आली की पापुद्रा फाटतो. पांढरं, कारण गिऱ्हाईक काळपट काडी घेत नाही. मेण शोषेल इतकं सच्छिद्र, पण दाबाला टिकेल इतकं चिवट. थंड प्रदेशातल्या अ‍ॅस्पेन झाडात हे सगळे गुण एकत्र सापडतात. आपल्याकडं त्याला जवळचं झाड म्हणजे काटेसावर. ठाण्याच्या आणि कोकणच्या रानात सावर आहे, पण ती एका जागी दाट उगवत नाही. इथं एक, तिथं एक. शिवाय सावरीचा ओंडका तोडल्यावर फार दिवस थांबत नाही. त्याच्यावर बुरशी चढते, डाग पडतात, म्हणून तो ताजा असतानाच यंत्रावर चढवावा लागतो. मुंबईकडच्या कारखान्यांनी त्यामुळं कितीतरी काळ परदेशातून आणलेले अ‍ॅस्पेनचे ओंडके वापरले. आगपेटी हिंदुस्थानी झाली, काडी परदेशीच राहिली.

व्यवस्थापनशास्त्राची पुस्तकं इथं आपल्याला मदत करू लागतात. आल्फ्रेड चँडलर या अमेरिकी इतिहासकारानं १९६२ मध्ये असं मांडलं की कंपनीची रचना तिच्या व्यूहरचनेमागून चालते, म्हणजे आधी दिशा ठरते आणि मग खाती, अधिकार, माणसं त्या दिशेनं बसवली जातात. जपानी कारखान्यांनी साठच्या दशकात ‘होशिन कान्री’ ही पद्धत रुजवली. तिच्यात वरच्यांनी ठरवलेलं उद्दिष्ट खालच्या विभागाकडं येतं, तो विभाग ‘हे जमेल, हे जमणार नाही, यासाठी अमुक लागेल’ असं सांगून ते परत वर पाठवतो, आणि अशा देवाणघेवाणीतून आराखडा पक्का होतो. मला या दोन्हींत जपानी विचार जास्त उपयोगाचा वाटतो. लाकूड मिळत नाही ही गोष्ट सर्वांत आधी ओंडके उतरवून घेणाऱ्या माणसाला कळते. त्याचं म्हणणं वर पोचायला वाट नसेल, तर उत्तम आराखडासुद्धा वखारीत अडकून पडतो.

विम्कोनं लाकडाच्या आणि बाजाराच्या मागं जात देशभर हातपाय पसरले. कलकत्ता, मद्रास, बरेली, आणि आसामात ब्रह्मपुत्रेच्या काठी धुबरी इथं कारखाने निघाले. मध्येच एक मोठा धक्का बसला. १२ मार्च १९३२ रोजी पॅरिसमध्ये क्रूगर यांनी आत्महत्या केली. त्यांच्या हिशेबांतले घोटाळे उघड झाले आणि कर्जांच्या आधारावर उभारलेलं साम्राज्य कोसळलं. अंबरनाथचा कारखाना चालू राहिला. त्याचा पाया कर्जाच्या करारांवर नव्हता. यंत्र, कामगार आणि रोज विकला जाणारा माल यांवर तो उभा होता.

पण ज्या वर्षी विम्कोची स्थापना झाली त्याच वर्षी, १९२३ मध्ये, देशाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक योजना आकार घेत होती. तमिळनाडूतल्या शिवकाशीचे अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोन भाऊबंद आदल्या वर्षी कलकत्त्याला गेले होते. तिथं त्यांनी आगपेटीचं काम शिकून घेतलं आणि गावी परतून कारखाना काढला. सुरुवातीला त्यांनी जर्मन यंत्रं आणली. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्या कोरड्या, दुष्काळी मुलखात यंत्रापेक्षा माणसाचा हात स्वस्त पडतो. त्यांनी बरंचसं काम हातावर घेतलं. पेट्या चिकटवायचं, काड्या चौकटीत बसवायचं काम घरोघर वाटलं गेलं. शिवकाशीची हवा इतकी कोरडी की काड्या उन्हातच सुकतात. अंबरनाथला जून ते सप्टेंबर या गोष्टीचा विचारही करता येत नाही.

पुढच्या पन्नास वर्षांत सरकारचा हात हळूहळू शिवकाशीच्या बाजूला गेला. देशी उत्पादन वाढलं तशी आयात घटली आणि जकातीचा पैसा आटला. मग १९३४ मध्ये सरकारनं देशात बनणाऱ्या आगपेट्यांवरच अबकारी कर बसवला. स्वातंत्र्यानंतर यंत्रावर चालणाऱ्या मोठ्या कारखान्यांना जास्त दर आणि हातानं काम करणाऱ्या छोट्यांना सवलत, असं धोरण आलं. हेतू रोजगाराचा होता आणि लाखो घरांना तो मिळालाही. पण त्या स्वस्ताईत लहान मुलांचे हात राबत होते, हेही त्याच इतिहासाचा भाग आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत शिवकाशीचं नाव बालमजुरीशी जोडलं गेलं ते उगाच नाही. विम्कोपुरतं सांगायचं तर, दोन पैंच्या जकातीनं कारखाना अंबरनाथला आणला आणि करातल्या फरकानंच पुढं त्याची वाढ खुंटवली. कंपनीच्या आराखड्यात ज्या खांबावर सगळा भार होता तो खांब सरकारच्या मालकीचा होता.

लाकडाच्या बाबतीत मात्र कंपनीनं एक असं काम केलं, ज्याचा अभ्यास कृषी विद्यापीठांत आणि वनसंशोधन संस्थांत आजही होतो.

सत्तरच्या दशकापर्यंत सरकारी जंगलातून मिळणारं मऊ लाकूड कमी होत चाललं होतं. १९८० मध्ये वनसंवर्धन कायदा आला. झाड हवं तर ते शेतकऱ्याच्या बांधावर वाढवायला हवं, असं कंपनीनं ठरवलं. निवड केली पॉप्लरची, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या, झपाट्यानं वाढणाऱ्या, सरळसोट खोडाच्या झाडाची. तराईच्या वनखात्यानं ते आधीच लावून पाहिलं होतं. अडचण झाडाची नव्हती, शेतकऱ्याची होती. गहू चार-पाच महिन्यांत हातात येतो, ऊस वर्षात येतो. आठ वर्षांनी तोडायचं झाड कुणी का लावावं? तोवर घर कशावर चालवायचं? आणि आठ वर्षांनी ते कोण विकत घेणार?

१९८४ मध्ये नाबार्डच्या साहाय्यानं उत्तर प्रदेश, पंजाब आणि हरियाणात जो कार्यक्रम सुरू झाला त्यात या प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. बँक शेतकऱ्याला कर्ज देणार. कंपनी आपल्या रोपवाटिकेतून निवडक वाणाचं रोप देणार. कंपनीचा माणूस शेतावर येऊन लागवड, छाटणी, कीड यांचा सल्ला देणार. आणि ठरावीक घेराचं झाड ठरलेल्या किमान भावानं विकत घेण्याची हमी कंपनी देणार. भाव बाहेर जास्त मिळाला तर शेतकऱ्यानं तिथं विकावं.

हा कार्यक्रम प्रत्यक्ष शेतात कसा चालायचा ते जवळून पाहण्यासारखं आहे. थंडीत पॉप्लरची पानं गळतात, झाड झोपलेलं असतं. जानेवारी-फेब्रुवारीत रोपवाटिकेतून वर्षभराचं, माणसाच्या दुप्पट उंचीचं रोप मुळांसकट काढतात. लावण्याआधी त्याचा बुडखा एक-दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवतात. मग हातभर खड्ड्यानं भागत नाही. जवळजवळ मीटरभर खोल, अरुंद भोक पाडून रोप त्यात उभं करतात, म्हणजे वादळात ते हलत नाही आणि मुळांना ओल मिळते. एका हेक्टरात पाच बाय चार मीटरवर पाचशे झाडं बसतात. पहिली दोन-तीन वर्षं ओळींच्या मधे ऊस घेता येतो. पुढं सावली वाढते, पण गव्हाच्या हंगामात पॉप्लरला पानंच नसतात, त्यामुळं गहू उन्हात वाढतो. बाजूचे डोळे आणि फांद्या वेळच्या वेळी काढल्या नाहीत तर खोडात गाठी राहतात, आणि गाठीच्या लाकडाची काडी होत नाही. म्हणून कंपनीच्या सल्लागाराच्या फेऱ्या महत्त्वाच्या. आगपेटीच्या कारखान्यातला दर्जा सात-आठ वर्षं आधी एका शेतकऱ्याच्या कोयत्यावर ठरत होता.

मोठ्या योजनेची अंमलबजावणी म्हणतात ती हीच, असं माझं मत आहे. ‘कच्च्या मालाचा पुरवठा सुरक्षित करणे’ या एका ओळीचे इतके तुकडे केले गेले की शेवटचा तुकडा एका माणसाच्या हातात मावला: रोप दोन दिवस पाण्यात ठेव, जानेवारीत लाव, डोळे खुड, हप्ता भर. प्रत्येक तुकड्यामागं ते काम करणाऱ्याला स्वतःचा फायदा दिसत होता. पुढं १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणानं हीच दिशा अधिकृत केली. वनांवर आधारलेल्या उद्योगांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडून वाढवावा, असं त्यात म्हटलं आहे.

मग काय झालं? शेतकऱ्यांनी झाडं लावली, झाडं वाढली आणि यमुनानगरच्या प्लायवुडवाल्यांनी ती विकत घेतली. आगपेटीपेक्षा प्लायवुडला भाव जास्त होता. हमीभावानं कंपनीला द्यायची गरज फारशा कुणाला उरली नाही. यमुनानगर हे देशातल्या प्लायवुडचं एक मोठं केंद्र झालं. त्यामागं काडीच्या शोधात निघालेल्या एका कंपनीचा मोठा वाटा आहे. पुढं २००० नंतरच्या काही वर्षांत झाडं बाजारात एकदम आली, भाव कोसळला आणि अनेक शेतकऱ्यांनी कोवळी झाडंही उपटून टाकली. मग लागवड घटली, टंचाई झाली, भाव पुन्हा चढला. काडीसाठी आखलेला कार्यक्रम शेतकऱ्याच्या दृष्टीनं यशस्वी ठरला. कंपनीच्या ताळेबंदात त्याचं फळ त्या मानानं कमी पडलं. योजनेचं यश कुणाच्या वहीत मोजायचं, हा प्रश्न या प्रकरणात मला सर्वांत मोलाचा वाटतो.

अंबरनाथला या सगळ्याचा एक वेगळा अर्थ होता. पॉप्लर उत्तरेच्या थंडीतलं झाड, ते कोकणात पोसत नाही. लाकडाच्या प्रश्नाला उत्तर मिळालं ते बरेलीच्या आसपास. अंबरनाथच्या कारखान्याजवळ बंदर होतं, जे परदेशी ओंडका आणायला सोयीचं होतं. ओंडका देशी झाल्यावर त्या सोयीचं मोल कमी झालं. २००५ मध्ये स्वीडिश मॅचनं विम्कोतला आपला हिस्सा आयटीसी समूहाला विकला. दोन पैंमुळं सुरू झालेली स्वीडिश योजना तिथं संपली. अंबरनाथमध्ये रिक्षावाल्याला ‘विम्को नाका’ म्हटलं की तो आजही पत्ता विचारत नाही.

या पट्ट्यात नंतर आलेल्या उद्योगांची गाडी जिच्यापाशी अडली ती ‘काडी’ कोणती? माझ्या मते पाणी. १९४९ मध्ये राजगोपालाचारींच्या हस्ते ज्याची कोनशिला बसली ते उल्हासनगर सिंधी निर्वासितांनी लष्करी बराकींतून उभं केलं. फर्निचर, पापड, तयार कपडे, जीन्स. त्यातल्या बहुतेकांची योजना कधी कागदावर आली नाही. ती मालकाच्या डोक्यात आणि उधारीच्या वहीत होती. त्यामुळं निर्णय झटपट होत, कॅम्पातल्या एका गाळ्यात सकाळी ठरलेलं संध्याकाळी शिवून तयार असे. जीन्सच्या धुलाईला मात्र भरपूर पाणी लागतं, आणि वापरलेलं रंगीत पाणी कुठंतरी सोडावं लागतं. ते वालधुनीत गेलं. नदीचा रंग बदलला, नागरिक न्यायालयात गेले, आणि न्यायालयाच्या आदेशांनंतर धुलाईचे अनेक कारखाने बंद करावे लागले. कापड, शिलाई, गिऱ्हाईक सगळं होतं. सांडपाण्याचा तुकडा कुणाच्याच हातात दिलेला नव्हता, आणि तोटा सोसावा लागला तो धुलाईवर पोट असलेल्या मजुरांना.

याच्या उलट गोष्ट बदलापूरजवळच्या बारवी धरणाची. हे धरण औद्योगिक विकास महामंडळाचं. इथल्या औद्योगिक वसाहतींना आणि आसपासच्या शहरांना ते पाणी पुरवतं. उद्योग वाढले, वस्ती वाढली, म्हणून धरणाची उंची वाढवायचं ठरलं. अभियंत्यांच्या हातातला भाग, म्हणजे भिंत आणि दरवाजे, त्यांनी पुरा केला. तरी वाढीव पाणी साठवता येईना, कारण पाणी चढलं की मागची गावं आणि पाडे बुडणार होते आणि तिथल्या कुटुंबांचं पुनर्वसन झालेलं नव्हतं. अनेक पावसाळे बारवीच्या वाढीव उंचीचा उपयोग झाला नाही. आराखड्यात पुनर्वसन होतं, पण ते कुणाचं काम, कधीपर्यंत आणि कोणत्या पैशातून, हे पक्कं झालेलं नव्हतं.

गाडी हलली ती हे पक्कं झाल्यावर. नुसत्या भरपाईच्या रकमेवर गावकरी तयार नव्हते. जमीन गेल्यावर पुढच्या पिढीनं काय करायचं, हा त्यांचा प्रश्न होता. बारवीचं पाणी ज्यांना मिळतं त्या महापालिका, नगरपालिका आणि महामंडळ यांनी प्रत्येक बाधित कुटुंबातल्या एकाला नोकरी द्यावी, असं ठरलं. त्यासाठी कुटुंबांची यादी करावी लागली, वारसांचे दाखले तपासावे लागले, कुठल्या पालिकेनं किती जण घ्यायचे याचा वाटा ठरवावा लागला. मग धरणाचे दरवाजे लागले आणि पाणी ७२.६० मीटरच्या पातळीपर्यंत साठू लागलं. नोकरीच्या यादीतली नावं पुरी होईपर्यंत पालिकांच्या आस्थापना विभागांत त्या फायली फिरत राहिल्या, आणि आपल्या नावासाठी बाधित गावांतली मुलं तिथं खेटे घालत राहिली.